बारशाचा रविवार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर त्या दिवशी माझ्या शेजारीच बसली होती, नव्या साडीत, बाळाला मांडीवर घेऊन. आईला सांगावं असं मध्ये एकदा मनात आलं होतं, पण तोवर तिला ऐकू येईनासं झालं. ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. म्हणून लिहितोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

गावाचं नाव घालत नाही. कर्जत-खोपोली मार्गावर एक बारकं स्टेशन आहे, तिथून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. वर चढावर वाडी. गावात आम्ही शेतकरी, वाडीत ठाकर आदिवासी. एकच ग्रामपंचायत.

आमच्या घरची परिस्थिती सांगितली पाहिजे. दया यावी म्हणून नव्हे, पुढचं कळावं म्हणून. वडील खोपोलीला एका कारखान्यात कंत्राटावर माल चढवायला जायचे. तो कारखाना बंद पडला तेव्हा मी सहावीत होतो. घरचं भात संक्रांतीपर्यंत पुरायचं, त्यानंतर दुकानाचं. मग वडील मुंबईकरांच्या एका बंगल्यावर माळी म्हणून लागले. ती जमीन मूळची आमचीच — चुलत्याने विकलेली. आजोबांनी जिथे नाचणी काढली, तिथे वडील दुसऱ्याच्या गुलाबांना पाणी घालायचे. मालक शनिवारी यायचे, वडील फाटक उघडायचे. आई गवत कापायला जायची. तिच्या हातावरच्या चिरा सणालाही भरून यायच्या नाहीत.

पण यातलं काहीच मला तितकं लागलं नाही, जितकी आप्पांची पायरी लागली.

आप्पा म्हणजे तेव्हाचे सरपंच. खरं तर कायमचे. कधी ते स्वतः, कधी त्यांचा भाऊ, कधी बायको. ग्रामपंचायतीचं कार्यालय होतं, त्याला कुलूप होतं. शिक्का आप्पांच्या घरच्या कपाटात. माझ्या अकरावीच्या वेळी रहिवासी दाखला हवा होता. वडील गेले तर आप्पा म्हणाले, “बस, जेवतोय.” वडील पायरीवर बसले. आप्पा जेवले, झोपले, उठले, चहा प्यायले. मग म्हणाले, “उद्या ये.” असं किती वेळा झालं, ते वडिलांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा बरोबर होतो म्हणून मला माहीत.

आणि ग्रामसभा? ती शिपायाच्या काखेत असायची. तो वही घेऊन घरोघर फिरायचा. “मावशी, अंगठा द्या, सभा झाली.” आई विचारायची, “कशाची रं सभा?” तो म्हणायचा, “झाली ना, आता कशाला इचारता!” आणि आई अंगठा द्यायची. न झालेल्या सभांना माझी आई वर्षानुवर्षं हजर होती.

मी बी. ए. झालो. राज्यशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात पहिला, गावातही पहिलाच. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. निकाल लागला त्या आठवड्यात आप्पांच्या दारी गेलो, पायरीवर बसलो नाही, उभ्यानेच विचारलं, “दाखला किती दिवसांत द्यायचा असतो ते आपल्याला ठाऊक आहे ना?” आप्पांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग आत जाऊन शिक्का आणला. वडिलांच्या देखत. त्या दिवशी घरी आल्यावर वडिलांनी माझ्या ताटात त्यांच्या ताटातला माशाचा तुकडा ठेवला.

तिथून माझं सुरू झालं. कुणाचा दाखला, कुणाचं रेशन, कुणाची विहीर — लोक माझ्याकडे यायचे. “तू बोल रं, तुला येतं.” मी बोलायचो. आईच्या वतीने, आळीच्या वतीने, वाडीच्याही वतीने. नोकरी खोपोलीत, एका कंपनीच्या टाइम ऑफिसमध्ये. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर माणसं बसलेली असायची. वाडीवरच्या म्हाताऱ्या मला ‘कॉलेजवाला’ म्हणायच्या. मला ते आवडायचं. खूप आवडायचं.

आप्पा हुशार. त्यांनी मला जवळ केलं. “तुझं अक्षर चांगलं, सभेची नोटीस तू काढत जा.” मीही काढायला लागलो. नोटिशीत शेवटी एक ओळ असायची — गणपूर्ती न झाल्यास, म्हणजे ठरलेली किमान माणसं न आल्यास, सभा तहकूब होऊन दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी घेण्यात येईल, आणि त्या सभेला गणपूर्तीची गरज असणार नाही. कायद्यात तशी सोय आहे. वाईट हेतूने केलेली नाही. पण आमच्याकडे सगळं त्या ओळीवर चालायचं. पहिल्या दिवशी कुणी यायचं नाही, दुसऱ्या दिवशी आप्पांची चार माणसं यायची आणि गावाचा कारभार करून जायची. ती ओळ कुणी वाचायचं नाही. मी लिहायचो, म्हणून मला पाठ.

आता तुम्ही म्हणाल, राज्यशास्त्र शिकलेला माणूस ती ओळ निमूट कसा लिहायचा? मी स्वतःला हे कधी विचारलंच नाही. मला मान होता ना.

मग सरपंचपद आदिवासी महिलेसाठी राखीव झालं. आप्पांनी वाडीवरची जानकी उभी केली, निवडून आणली. गरीब, दहावी नापास, नवरा वीटभट्टीवर. सही येते, तेवढं पुरे — असा हिशोब. माझाही तोच होता, खोटं कशाला बोलू? मी मनात धरून चाललो होतो की आप्पा तिला खुर्चीत बसवतील आणि ती अडली की माझ्याकडे येईल.

ती आली. एकदाच. ओट्यावर बसली नाही, खाली उभी राहिली. “दादा, ग्रामसभेला काय काय करता येतं, ते सांगशील का मला?” मी सांगितलं. घटनेपासून सुरुवात केली. बराच वेळ बोललो. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “एवढं समदं करता येतं, तर मग लोकं येत का नायत?”

मी म्हणालो, “लोकांना समज नाही.” ती “बरं” म्हणाली आणि गेली.

तिने पहिलं काय केलं, तर शिक्का मागून आणला. आप्पांच्या दारात जाऊन म्हणाली म्हणे, “आप्पा, शिक्का हापिसात ऱ्हाईल. तुमच्या कपाटाला उगा तरास.” गाव दोन दिवस हसत होतं. मीही हसलो. पण हसताना आत काहीतरी टोचलं. शिक्का मीही मागू शकलो असतो की. इतकी वर्षं मी तो फक्त बाहेर आणवत होतो, आणि परत कपाटात जाऊ देत होतो.

मग ती सभेच्या आदल्या संध्याकाळी घरोघर जायला लागली. गावात, आळीत, वाडीत. “उद्या या वं. जेवण नाय, चहा हाय.” पहिल्या सभेला थोडी माणसं आली. दुसरीला शाळेच्या वर्गात मावेनात. तिची एक रीत होती. विषय वाचून झाला की विचारायची, “कुणाला काय बोलायचं हाय?” आणि गप्प राहायची. कितीही वेळ. ग्रामसेवक चुळबुळ करायचा, घड्याळ बघायचा. ती गप्पच. मग कुठून तरी, मागच्या भिंतीकडून, एखादी बाई घसा खाकरायची.

मी पहिल्या रांगेत असायचो. सवयीने उभा राहून बोलायला लागलो की जानकी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “दादांचं झालं. आता दुसरं कोण?” उद्धटपणा नव्हता त्यात. इतरांना म्हणायची तसंच मला. पण — इतरांना म्हणायची तसंच मला! तुम्हाला कळतंय का, मी काय म्हणतोय ते?

हळूहळू माझा ओटा रिकामा झाला. कुणी भांडून गेलं नाही. गरज उरली नाही, एवढंच. सुट्टीच्या दिवशी मी पेपर घेऊन बाहेर बसायचो. रस्त्याने माणसं जायची, हात करायची, पुढे जायची. पंचायतीच्या दाराशी थांबायची.

तेही मी सहन केलं असतं. पण एका सभेत माझी आई उभी राहिली.

मी सांगतो, मला आधी कळलंच नाही की हा आवाज आईचा. शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून उभी, पदर दातांत. म्हणाली, “मसणवटीच्या वाटंला पावसात गुडघाभर चिखुल असतो. आमच्या ह्यांना न्हेताना खांदेकरी पडला. ती वाट करा.” आणि बसली. वडिलांची तिरडी घसरली होती, खरंच. मीही होतो खांद्याला. तिने घरात ते कधी काढलं नाही. माझ्याजवळ कधीच नाही. घरी येताना मी विचारलं, “आये, मला का नाय सांगितलंस? मी केला असता अर्ज.” आई म्हणाली, “तू कधी इचारलंस? जानकीनं इचारलं.”

वाट झाली. तिच्यावर आता खडी आहे. मी तिथून अजून मान वर करून जात नाही.

मत्सर हा शब्द पुस्तकातला झाला. आमच्याकडे ‘पोटात दुखणं’ म्हणतात, आणि ते खरं आहे, पोटातच दुखतं. जेवताना दुखायचं. जानकीचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. तिच्या बोलण्यातल्या चुका मोजायचो. पंचायत समितीतून कुणी साहेब येऊन तिचं कौतुक करून गेला, तर मी म्हणालो, “आदिवासी आहे ना, कौतुक करावंच लागतं.” हे माझं वाक्य आहे. मी, ज्याच्या बापाला पायरीवर बसवलं, त्याचं.

हे सगळं सांगून झालं, पण मूळ गोष्टीला मी अजून हात घातलेला नाही. तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या वर्षी माळावर बंगल्यांची एक स्कीम आली. त्यांना पाणी हवं होतं. आमच्या ओढ्यावर एक जुना बंधारा आहे. त्याच्या खालच्या अंगाला वाडीची विहीर; बंधारा भरलेला असेल तरच तिला मे महिन्यात पाणी. बंधाऱ्यातून पाईप टाकायला ग्रामसभेची ना-हरकत लागणार होती. उपसरपंच — आप्पांचा पुतण्या — स्कीमच्या बाजूने. जानकी विरोधात. तिने सभा रविवारी लावली, मुद्दाम. दिवाळीनंतर वाडीची निम्मी माणसं वीटभट्ट्यांवर राहायला जातात. त्यांना रविवारीच सुट्टी असते, बाजारासाठी. रविवार सोडला तर वाडी रिकामी.

आमच्या घरी तेव्हा मुलगी झाली होती. सव्वा महिना होत आला होता. आई म्हणाली, “बेस्तरवारी बारसं उरकू, चांगला दिस हाय.” मी म्हणालो, रविवारी करू. लोकांना सोयीचं पडेल. सगळ्यांना बोलवू — गाव, आळी, वाडी. घरटी आमंत्रण. आई खूश झाली. “वाडीलाबी? बरं केलंस रं बाबा.”

आता तुम्हाला कळलं.

नोटीस भिंतीवर लागली होती. ग्रामसेवक माझाच जुना मसुदा समोर ठेवून लिहायचा. शेवटची ओळ होती तशीच होती. जानकीने ती खोडली नव्हती. सभा भरायला लागल्यापासून तिची गरजच पडली नव्हती, कुणाच्या ध्यानात राहणार? माझ्या होती. मी भिंतीपाशी थांबून ती पुन्हा वाचली.

जानकी घरी आली. “दादा, बारसं रविवारीच का रं?” मी म्हणालो, “भटजींनी दिलेला दिवस. तुम्ही काळजी करू नका ताई, माणसं आधी तुमच्याकडे. सभा झाल्याबिगर पाळणा हलायचा नाही आमचा.” ती हसली. म्हणाली, “मग मीच टाळी वाजवीन पाळण्याला.” आणि निर्धास्त गेली.

रविवारी सकाळी मी वाडीवर टेंपो पाठवला. म्हाताऱ्या माणसांना चालायला नको म्हणून, असं सांगून. ड्रायव्हरला सांगितलं, “शाळेपाशी थांबू नको, थेट इकडे आण.” माणसं आली. मंडप होता, चहा होता, लाऊडस्पीकर लावला होता. कुणी कुणी विचारत होते, “सभा कधी हाय?” मी म्हणायचो, “होईल हो, बसा तर. आधी पोहे घ्या.” भटजी वेळेवर आले होते, मी त्यांना उगाच गप्पांत अडकवलं. वाडीचे बुधाकाका — जानकीचे चुलत सासरे, वाडीतलं सगळ्यात मानाचं माणूस — त्यांना मी खुर्ची दिली, टोपी घातली, नारळ दिला. ते संकोचून बसले. आयुष्यात गावातल्या कुणी त्यांना खुर्ची दिली नव्हती. सांगा, ते उठून सभेला जाणार होते?

मला स्कीमच्या माणसांनी काही दिलं नाही, आणि मी मागितलंही नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं. निदान कशासाठी केलं याला नाव असतं. मला फक्त ती रिकाम्या बाकांसमोर बसलेली हवी होती. तिने “कुणाला काय बोलायचं हाय?” विचारावं आणि कुणी नसावं. मग तिने माझ्याकडे यावं.

ती आली. पाळणा म्हणून झाला होता, पंगत बसली होती. हातात टोपडं, स्वतः शिवलेलं, निळ्या कापडाचं. तिने आधी बाळाला घेतलं, टोपडं घातलं, कानशिलावर बोटं मोडली. मग मंडपभर नजर फिरवली आणि मोठ्याने म्हणाली, “गणपूर्ती नाय झाली म्हणं! आन् समदी हितं पंगतीला! ए दादा, हितंच घेऊ का रं सभा? वही आणते!”

सगळे हसले. बुधाकाका म्हणाले, “घे की गं! जिलेबी खाऊन हात वर करतो.”

ती थट्टेत बोलत होती, पण डोळे थट्टेत नव्हते. माझ्याकडे बघत होती. तहकूब झालेली सभा मंडपात घेता येते की नाही, याचा कायदा मला ठाऊक नाही. पण मी जर तिथे उभा राहून लाऊडस्पीकरवर सांगितलं असतं — मंडळी, उद्या सकाळी परत सभा आहे, तिला माणसांची अट नाही, म्हणून भट्टीचा एक दिवस बुडवा पण या — तर आले असते. माईक माझ्याच हातात होता.

मी म्हणालो, “ताई, आधी जेवून घ्या. सभा काय, उद्या आहेच.”

तिने मान हलवली. जेवली नाही. बाळाला परत दिलं आणि संध्याकाळपर्यंत घरोघर फिरली. पण टेंपो गेला होता, भट्टीची माणसं बाजार करून भट्टीवर परतली होती.

सोमवारी मी ड्यूटीवर होतो. उपसरपंच आणि त्याची माणसं गेली, जानकी गेली, वाडीच्या दोनचार म्हाताऱ्या गेल्या. ठराव झाला. जानकीने आपला विरोध लिहून घ्यायला लावला, आणि अध्यक्ष म्हणून खाली सही केली, कारण ती करावीच लागते. दुपारी उपसरपंचाचा फोन. “बारसं झकास झालं बरं का!” एवढंच बोलला आणि हसत राहिला. त्याला कळलं होतं. मी फोन ठेवला.

होळीपर्यंत पाईप पडला. एप्रिलमध्ये वाडीची विहीर तळाला गेली. बायका हंडे घेऊन आमच्या गावात उतरायला लागल्या. भट्ट्यांवरची माणसं परत आली तेव्हा त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? सही कुणाची? जानकीची. झालं. “आमचीच फुटली” म्हणायला लागले.

मला वाटलं होतं, इथवर लिहिलं की संपेल. पण तसं नाही. बारसं एक वेळ मी गिळून टाकलं असतं. एक गोष्ट त्याच्याही पुढची आहे.

बुधाकाका माझ्याकडे आले. कंपनीच्या गेटवर, खोपोलीला, एवढ्या उन्हात. शिफ्ट सुटेपर्यंत झाडाखाली बसून राहिले. मी बाहेर आलो तर उठले, टोपी काढली. “बाबा, तू शिकल्याला. तुला कागद कळतो. तू सांग — आमची जानकी फुटली का?”

मला सगळं ठाऊक होतं. विरोध लिहिलाय हे ठाऊक होतं. सही का करावी लागते, ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. म्हातारा ते वाक्य घेऊन चालत वाडीवर गेला असता.

मी म्हणालो, “आता काय सांगू काका. खुर्ची वाईट असते.”

त्यांनी टोपी घातली. “खरं हाय,” म्हणाले, आणि गेले.

हे मी केलं. चिडून नाही, घाबरून नाही. शांतपणे, डबा हातात धरून, विचार करून केलं. आणि ते करताना, सांगायला लाज वाटते पण सांगतो, पोटातलं दुखणं थांबलं होतं.

त्या मे महिन्यात जानकीच्या दिराचं लग्न होतं. वाडीत लग्नाला बायका जमून धवले गातात. त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. त्या लग्नाला गायला एकही बाई गेली नाही. जानकी आणि तिची सासू दोघीच म्हणत होत्या म्हणे. मी ते ऐकलं तेव्हा लोकलची वाट बघत स्टेशनवर उभा होतो. बायका एकमेकींना सांगत होत्या. एक म्हणाली, “आवाज बसला गं तिचा, तरी म्हणत ऱ्हायली.”

लोकल आली तसा मी चढलो.

लोक सभेला यायचे थांबले. तुम्ही पुस्तकात वाचता ना, संस्था दुबळ्या होतात? मी परीक्षेत त्यावर उत्तरं लिहिली आहेत, मार्क चांगले पडले होते. संस्था दुबळी कशी होते ते मी नंतर बघितलं. बाकं रिकामी राहतात. आलेली माणसं दाराशी उभी राहतात, बसत नाहीत. कोण कुणाच्या वतीने आलाय याचा अंदाज घेतात. माझ्या ओट्यावर माणसं परत यायला लागली. “तू बोल रं.” आणि मी बोलायला लागलो.

मग जानकीने पुढची सभा शाळेत लावलीच नाही. वाडीच्या विहिरीपाशी लावली, त्याच मे महिन्याच्या अखेरीला, सकाळच्या उन्हात. रीतसर नोटीस काढून. तोवर वाडीला पाण्याचा टँकर सुरू झाला होता, त्याची वेळ तीच होती. बायका हंडे घेऊन रांगेत होत्याच. त्यांना कुठे जाता येणार होतं? माणसं भरली. तिने भाषण केलं नाही. ग्रामसेवकाला म्हणाली, “त्या सोमवारचं वाचा. मोठ्यानं. कोण आलं हुतं, कुणी हात वर केला, कुणी नाय केला. सगळं.” तो वाचत गेला. शेवटी तिचा विरोध आला, तिच्या नावानिशी.

मी मागे होतो, आंब्याखाली. बुधाकाका हळूहळू वळले आणि माणसांमधून मला शोधायला लागले. सापडलो मी त्यांना. नुसते बघत राहिले.

जानकीने विचारलं, “कुणाला काय बोलायचं हाय?”

आणि ती गप्प राहिली, तिच्या सवयीने. टँकरचं पाणी हंड्यात पडत होतं तेवढाच आवाज. मला वाटतं, ती माझीच वाट बघत होती. कदाचित नसेलही. मी घसा खाकरला नाही. पुढे एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “आमी गायला नाय आलो. आमचं चुकलं.” मग दुसरी उठली. मी पायाखालची पानं बघत होतो.

ना-हरकत रद्द करायचा ठराव त्याच दिवशी झाला, पण पाईप निघायला पुढचं वर्ष गेलं. तालुक्याला खेपा, सुनावण्या, साहेब रजेवर. प्रत्येक खेपेला वाडीची आणि गावची माणसं बरोबर असायची, आळीपाळीने. आईसुद्धा एकदा खालापूरला गेली. मी रजा काढली नाही.

आजही कुणी ‘जानकीच्या वेळची सभा’ असं म्हटलं की पोटात दुखतं. कमी झालंय, गेलेलं नाही. मुलगी आता तिसरीत आहे. बारशाचे फोटो मागते कधीकधी, बायको दाखवते. एका फोटोत जानकीने तिला घेतलंय, निळं टोपडं घालून. मुलगी विचारते, ही कोण? बायको सांगते, आपल्या सरपंचबाई.

पाईप निघाला. वाडीच्या विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी असतं. नोटिशीतली ती ओळ गेली. सभा तहकूब झाली तर पुढची तारीख सगळ्या वस्त्यांत दवंडी देऊन, रविवारचीच धरतात. जानकीची मुदत संपली, सरपंच बदलले, आप्पांच्या घरातलाही एक होऊन गेला. ग्रामसभा भरते. शिक्का कार्यालयात असतो. हे तिने आणि वाडीने केलं. त्यात माझा हात नाही.